टकाहो ते सीडर हिल : फ्रेडरिक डग्लस यांच्या वाटेवरचे सहा दिवस

पहिला दिवस : टकाहोचा काठ

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून होती. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची ती १ जूनच होती, कारण शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना मुलाची तारीख सांगता आली नाही, की गुरुजी आपल्या अंदाजाने जूनची पहिली तारीख दाखलवहीत लिहीत असत. आजी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की पोर सुगीत झाले, ज्वारीची कणसे खळ्यात येऊन पडली होती. अमेरिकेत लेकीकडे आल्यावर, गुलामगिरीत जन्मून पुढे तिच्याविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय लेखक आणि वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र पुन्हा उघडले आणि पहिल्याच पानावर थांबले. तिथे ते म्हणतात की आपली जन्मतारीख सांगू शकेल असा गुलाम आपल्याला क्वचितच भेटला. पेरणीच्या वेळी, कापणीच्या वेळी, चेरी पिकतात तेव्हा, एवढेच काय ते सांगता येई. या पानामुळेच हा सहा दिवसांचा प्रवास ठरला. लेकीने आठवड्याची रजा काढली आणि ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

ॲनापोलिस मागे टाकून चेसापीक उपसागरावरचा सुमारे सात किलोमीटर लांबीचा पूल ओलांडला की मेरीलँडचा पूर्व किनारा लागतो. जमीन अगदी सपाट आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन वाळून तपकिरी झाले होते आणि मक्याची ताटे कापून नेलेली होती. टॅलबट कौंटीच्या हद्दीवर, टकाहो नदीच्या पुलापाशी डग्लस यांच्या स्मरणाचा फलक आहे. तिथे गाडी लावून आम्ही काठापर्यंत गेलो. मातकट, संथ पाणी आणि कडेने उंच लव्हाळे, याशिवाय तिथे पाहण्यासारखे काहीही नाही, आणि मला नेमके तेच पाहायचे होते. याच पाण्याच्या आसपास, जवळच्या होम हिल नावाच्या शेतावर, बेट्सी बेली या आजीच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. ती झोपडी आता नाही. बेट्सी ही मासे धरण्याची जाळी विणण्यात आणि रताळ्याची रोपे जगवण्यात पंचक्रोशीत नावाजलेली बाई होती, आणि मालकाच्या मालमत्तेत भर घालणारी पोरे सांभाळण्याचे काम तिच्याकडे होते. आई हॅरिएट दूरच्या शेतावर मजुरीला दिलेली असल्यामुळे आईचा सहवास या मुलाला मिळालाच नाही. बाप गोरा होता आणि तो मालकच असावा अशी कुजबुज होती, यापलीकडे त्यांना कधी काही कळले नाही.

मालक एरन अँथनी याच्या हिशेबाच्या वहीत मात्र या जन्माची नोंद आहे. ‘फ्रेडरिक ऑगस्टस, हॅरिएटचा मुलगा, फेब्रुवारी १८१८’ अशा अर्थाची ती एक ओळ, इतर मालमत्तेच्या नोंदी ठेवाव्यात तशीच ठेवलेली. वही जपून राहिली, पण ज्याची नोंद होती त्याच्या दृष्टीस ती कधी पडली नाही. ते आपले जन्मवर्ष १८१७ धरून चालले. १८७८ मध्ये, साठीत आलेले आणि देशभर ख्यातनाम झालेले डग्लस झोपडीची जागा शोधत इथे आले आणि तिथली मूठभर माती सोबत घेऊन गेले. लेकीने विचारले, “आई, आपणही घ्यायची का थोडी?” मी नको म्हटले. त्या मातीवर माझा काही हक्क नाही असे मला मनापासून वाटले.

दुसरा दिवस : वाय हाउसचे फाटक आणि ईस्टन

फ्रेडरिक सहा वर्षांचा असताना आजीने त्याला हाताशी धरून, अधूनमधून खांद्यावर घेऊन, सुमारे बारा मैलांवरच्या लॉइड घराण्याच्या वाड्यावर नेले. आपण कशासाठी चाललो आहोत हे तिने वाटेत सांगितले नाही. तिथे पोचल्यावर तिने त्याला इतर मुलांत खेळायला पाठवले आणि ती गुपचूप परत फिरली. “आजी गेली,” असे कोणीतरी ओरडले तेव्हा तो जमिनीवर पडून रडला. भावंडांनी पीच आणि पेअर देऊन समजूत घालून पाहिली, पण त्याने ती फेकून दिली. त्या म्हातारीला हा मार्ग किती वेळा चालावा लागला असेल, एकेक नातवंड पोचवायला, याचा विचार मी आज गाडीतून जाताना करत होते.

वाय हाउस अजूनही लॉइड यांच्या वंशजांकडेच आहे आणि ते खासगी असल्यामुळे आत जाता येत नाही. आम्ही रस्त्यावरूनच पाहिले आणि पुढे निघालो. आत जाता आले असते तरी मला ज्या गोष्टी पाहायच्या होत्या त्या तिथे नसत्याच. मुलांसाठी मक्याच्या पिठाची लापशी लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवत, आणि कोणी शिंपल्याने तर कोणी हाताने ती ओरपत असे. पोरांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे मिळत, थंडीतही पायात काही नसे. बागेतली फळे चोरू नयेत म्हणून कुंपणाला डांबर फासलेले असे आणि ज्याच्या अंगावर डांबराचा डाग दिसेल त्याला फटके बसत. डग्लस यांनी लिहिले आहे की थंडीने आपल्या पायांना अशा भेगा पडल्या होत्या की ज्या लेखणीने मी हे लिहितो आहे ती त्या भेगांत मावली असती. पुस्तक १८४५ मध्ये निघाले तेव्हा ते २७ वर्षांचे होते. टाचेवरची जखम आणि हातातली लेखणी ही दोन्ही एकाच वाक्यात आणणारा माणूस केवळ आपबिती सांगत नाही, तो उत्तम गद्य लिहितो, आणि हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी शिकवले नाही याचे मला वाईट वाटते.

आईची शेवटची आठवणही याच वाड्यावरची आहे. स्वयंपाकीण केटी हिने दिवसभर त्याला उपाशी ठेवले असताना आई अचानक आली, तिने केटीला खडसावले आणि त्याला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा गोड केक दिला. रात्री दिवसभराच्या कामानंतर बारा मैल चालून ती येत असे आणि उजाडण्यापूर्वी शेतावर हजर होण्यासाठी परत जात असे. ती त्याला लाडाने ‘माझा छोटा व्हॅलेंटाइन’ म्हणे. पुढे त्यांनी आपला वाढदिवस १४ फेब्रुवारी ठरवला तो या एका शब्दावरून. माझ्या वडिलांना तारीख गुरुजींनी दिली. यांनी ती आईच्या तोंडच्या शब्दातून स्वतः घेतली.

दुपारी ईस्टनला गेलो. न्यायालयाच्या हिरवळीवर २०११ मध्ये डग्लस यांचा पुतळा उभा राहिला. त्याच हिरवळीवर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या स्थानिक सैनिकांचे स्मारकही शतकभर होते, ते मार्च २०२२ मध्ये हलवण्यात आले. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे ही दोन्ही स्मारके एकाच अंगणात उभी होती. पुतळ्याजवळ एक आजोबा नातीला पायथ्यावरची अक्षरे बोट ठेवून वाचायला लावत होते. आम्ही त्यांचे वाचून होईपर्यंत बाजूला थांबलो.

तिसरा दिवस : सेंट मायकल्स

आज सेंट मायकल्सला होतो. गाव देखणे आहे, शिडाच्या नौका, खेकड्यांची खाणावळ, सुट्टीसाठी आलेली माणसे. १८३३ मध्ये, बाल्टिमोरमध्ये सात वर्षे काढून लिहिता-वाचता झालेला हा पंधरा वर्षांचा मुलगा इथे अँथनीनंतर मालक झालेल्या थॉमस ऑल्डकडे परत आणला गेला. वाचनामुळे बिघडलेल्या गुलामाला वठणीवर आणण्यासाठी ऑल्डने त्याला १८३४ च्या जानेवारीत एडवर्ड कव्ही या शेतकऱ्याच्या हवाली एक वर्षासाठी केले. हट्टी गुलामांना मोडण्यासाठी कव्हीची ख्याती होती. पहिले सहा महिने असा आठवडा गेला नाही की पाठीवर वळ उठले नाहीत. रविवारी हा मुलगा उपसागराच्या काठावर उभा राहून समुद्राकडे जाणारी पांढरी शिडे पाही आणि तुम्ही मोकळी आहात, मी साखळदंडात आहे, असे त्यांना उद्देशून बोले. ते पान मी आज धक्क्यावर बसून लेकीला मोठ्याने वाचून दाखवले. समोरून खरोखरच एक पांढरे शीड गेले. दोघींनीही बराच वेळ काही बोलणे काढले नाही.

ऑगस्ट १८३४ मध्ये कव्ही त्याला बांधायला आला तेव्हा त्याने कव्हीचा गळा धरला. झटापट सुमारे दोन तास चालली. त्यानंतर उरलेल्या महिन्यांत कव्हीने त्याच्यावर हात उचलला नाही. हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो, पण एका शिक्षिकेला त्याहून जवळची वाटते ती पुढच्या वर्षीची गोष्ट. विल्यम फ्रीलंड याच्या शेतावर असताना या सतरा वर्षांच्या मुलाने दर रविवारी चोरून शाळा चालवली आणि एका वेळी चाळिसाहून अधिक विद्यार्थी तिथे येत होते. त्यांत मोठी माणसेही होती. पकडले गेले तर उघड्या पाठीवर ३९ फटके, हे माहीत असून ती माणसे आठवड्यातला एकमेव सुटीचा दिवस अक्षरे गिरवण्यात घालवत होती.

याच सोबत्यांबरोबर १८३६ च्या ईस्टरमध्ये पळून जाण्याचा बेत झाला. प्रत्येकासाठी परवान्याची चिठ्ठी डग्लस यांनीच मालकाच्या नावाने लिहिली. बेत फुटला. त्यांना बांधून घोड्यांमागून ईस्टनच्या तुरुंगाकडे चालवत नेत असताना हेन्री हॅरिसने हळूच विचारले की चिठ्ठीचे काय करू. डग्लस म्हणाले, बिस्किटाबरोबर खाऊन टाक. पुरावा म्हणून हाती लागेल तो कागद त्या मुलांनी गिळून टाकला. काल आम्ही ईस्टनच्या न्यायालयाच्या मागे जी जागा पाहिली त्याच परिसरात ते कोंडले गेले आणि गुलामांचे व्यापारी त्यांना न्याहाळायला येत राहिले. दक्षिणेत विकले जाण्याची भीती होती. पण ऑल्डने त्याला पुन्हा बाल्टिमोरला पाठवले.

१८७७ च्या जूनमध्ये डग्लस इथे मरणासन्न थॉमस ऑल्डला भेटायला आले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. त्या भेटीत त्यांनी विचारलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक ही होती की माझा जन्म केव्हा झाला. फेब्रुवारी १८१८ असावा, असे म्हातारा म्हणाला. या भेटीबद्दल तेव्हा अनेकांनी डग्लस यांना दोष दिला. माझेही मन त्याबाबत अजून एका बाजूला झुकलेले नाही. मात्र ज्याने आपल्याला मोडायला पाठवले त्याच्याच खाटेपाशी बसून स्वतःची जन्मतारीख मागावी लागणे, यात किती काय साठलेले असेल हे मला कळते.

चौथा दिवस : बाल्टिमोर, फेल्स पॉइंट

आजचा दिवस मी सगळ्यांत जास्त राखून ठेवला होता. फेल्स पॉइंटचे रस्ते दगडी आहेत आणि ते थेट पाण्यापर्यंत उतरतात. १८२६ मध्ये, आठ वर्षांचा असताना, फ्रेडरिकला थॉमसचा भाऊ ह्यू आणि त्याची बायको सोफाया ऑल्ड यांच्या घरी त्यांचा लहान मुलगा सांभाळायला पाठवले गेले. सोफायाच्या हाताखाली त्याआधी कधी गुलाम नव्हता आणि गुलामाला कसे वागवायचे हे ती शिकलेली नव्हती. फ्रेडरिक विचारू लागला तेव्हा तिने त्याला मुळाक्षरे शिकवली, मग तीन-चार अक्षरांचे शब्द. ह्यूला हे कळताच त्याने ते बंद केले आणि मुलाच्या देखतच तिला बजावले की याला वाचता आले तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. डग्लस सांगतात की शिकण्याचे खरे कारण आपल्याला त्या बोलण्याने समजले. मालकाने ज्याला विरोध केला तेच सुटकेचे दार असणार, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ओळखले.

पुढची शाळा रस्त्यावर भरली. घरात पाव भरपूर असे. तो खिशात घालून हा मुलगा बाहेर पडे आणि गोऱ्या पण गरीब, भुकेल्या मुलांना पावाच्या बदल्यात एकेक धडा मागे. लिहिणे तो जहाजबांधणीच्या आवारात शिकला. तासलेल्या ओंडक्यांवर सुतार अक्षरे काढून ठेवत: डाव्या बाजूसाठी एल, उजव्या बाजूसाठी एस, पुढच्या भागासाठी त्याला एफ आणि मागच्या भागासाठी ए जोडलेला. चार अक्षरे अशी जमली. मग एखाद्या मुलाला तो म्हणे, मला तुझ्याइतकेच लिहिता येते. त्याने विश्वास नाही असे म्हटले की ही चार अक्षरे काढून दाखवी आणि याहून जास्त काढून दाखव म्हणून आव्हान देई. समोरचा मुलगा पाचवे, सहावे अक्षर काढी आणि ते याचे होई. भिंत, कुंपण आणि फरसबंदी या पाट्या, खडूचा तुकडा ही लेखणी. मी तीस वर्षांहून अधिक काळ मुळाक्षरे गिरवून घेतली आहेत, आणि मुले आधीपासून जे ओळखतात तिथून सुरुवात करावी हे मला उशिरा उमगले. या मुलाने ते शिकवणाऱ्याशिवायच केले.

थेम्स स्ट्रीटवर पाण्याच्या काठी डग्लस आणि आयझॅक मायर्स यांच्या नावाचे सागरी संग्रहालय आहे. मायर्स यांनी १८६८ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांची स्वतःची गोदी इथे सुरू केली. बाहेर डग्लस यांच्या मस्तकाचे भलेमोठे ब्राँझ शिल्प ठेवले आहे. आत जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी तंतू आणि डांबर ठोकून बुजवण्याची हत्यारे पाहिली. १८३६ नंतर डग्लस यांनी याच कामात कसब मिळवले. एका लाकडी हातोड्याचा तोंडाकडचा भाग हजारो ठोक्यांनी वाटीसारखा खोलगट झाला होता. आठवड्याची कमाई नऊ डॉलरपर्यंत जाई आणि शनिवारी ती सगळी ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवावी लागे. कधी सहा डॉलर मोजून घेतल्यावर मालक खूश होऊन सहा सेंट परत देई. डग्लस यांना त्या सहा सेंटांचा मालकाने घेतलेल्या पैशांहून अधिक राग येई, कारण थोडे परत देणे म्हणजे सगळे माझेच होते ही कबुलीच होती.

त्याच रस्त्यावरच्या दुकानातून, बूट पॉलिश करून साठवलेल्या पन्नास सेंटांत त्यांनी ‘कोलंबियन ऑरेटर’ हे वक्तृत्वाच्या उताऱ्यांचे पुस्तक विकत घेतले होते. त्यात एक गुलाम आपल्या मालकाशी वाद घालून त्याला निरुत्तर करतो आणि मालक त्याला मोकळे करतो. ‘ॲबॉलिशन’ हा शब्द त्यांच्या कानावर येई, पण शब्दकोशात ‘रद्द करण्याची क्रिया’ एवढाच अर्थ सापडला. काय रद्द करायचे ते तिथे नव्हते. गुलामगिरी रद्द करण्यासाठी उत्तरेतून आलेल्या अर्जांची बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा तो शब्द उलगडला.

संध्याकाळी साउथ डॅलस स्ट्रीटवर गेलो. म्हातारपणी, १८९२ मध्ये, डग्लस यांनी इथे भाड्याने देण्यासाठी ओळीने पाच विटांची घरे बांधली. तरुणपणी ते ज्या चर्चला जात त्याच जागेवर. घरांत आजही माणसे राहतात. एका दारापाशी मुलाची सायकल होती, म्हणून आम्ही फार वेळ रेंगाळलो नाही.

पाचवा दिवस : सस्क्वेहाना ओलांडून

आज गाडी ठेवून बाल्टिमोरहून फिलाडेल्फियाची आगगाडी धरली. सोमवार, ३ सप्टेंबर १८३८ या दिवशी डग्लस खलाशाच्या वेषात याच दिशेने निघाले. तिकीटखिडकीवर कागद तपासतात म्हणून गाडी हलत असताना ते चढले. खिशात होता तो दुसऱ्या एका मुक्त खलाश्याचा दाखला, आणि त्यावरचे वर्णन त्यांच्याशी मुळीच जुळत नव्हते. कंडक्टरने कागदावरचा अमेरिकेचा गरुड पाहिला आणि वर्णन न वाचता तो पुढे गेला. ज्याचे आयुष्य वाचता येण्याने घडले, त्याला त्या क्षणी दुसऱ्याच्या न वाचण्याने वाचवले.

सस्क्वेहाना नदीवर तेव्हा पूल नव्हता, हॅव्हर डी ग्रेसहून नावेने पैलतीरी जाऊन दुसरी गाडी धरावी लागे. नावेवर ओळखीचा माणूस भेटला आणि नको ते प्रश्न विचारू लागला. पुढे एका ओळखीच्या जर्मन लोहाराने त्यांना निरखून पाहिले, पण तो गप्प राहिला. आमची गाडी ती रुंद नदी मिनिटभरात ओलांडून गेली. विल्मिंग्टन, तिथून बोटीने फिलाडेल्फिया, रात्रीच्या गाडीने न्यूयॉर्क, असे चोवीस तासांच्या आत ते मुक्त भूमीवर पोचले. हा तपशील त्यांनी १८८१ पर्यंत छापला नाही, कारण मदत करणाऱ्यांवर आणि मागून पळणाऱ्यांवर त्यामुळे संकट आले असते.

मदत करणाऱ्यांत पहिली होती ॲना मरे. टकाहोच्या पलीकडच्याच तीरावर, कॅरोलाइन कौंटीत, आईवडिलांची सुटका झाल्यानंतर जन्मलेली, म्हणून जन्मतः मुक्त. बाल्टिमोरमध्ये घरकाम करून तिने पैसे साठवले होते, आणि प्रवासखर्चासाठी आपली पिसांची गादी विकली. १५ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्यांचे लग्न झाले, मग ती दोघे न्यू बेडफर्डला गेली आणि तिथे त्यांनी डग्लस हे आडनाव घेतले. ॲनाला शेवटपर्यंत नीट लिहिता-वाचता आले नाही. तिच्याविषयी जे कळते ते बरेचसे तिची मुलगी रोझेटा हिने १९०० मध्ये सांगितलेल्या आठवणींमधून. घर, पाच मुले, शिलाई, बुटांची कामे आणि रॉचेस्टरच्या घरी रात्री-अपरात्री आसऱ्याला येणारे फरारी गुलाम, हे सारे तिने सांभाळले. डग्लस यांच्या स्वतःच्या लेखनात तिला मिळालेली जागा फारच थोडी आहे, आणि त्यांच्याबद्दल मला कितीही आदर असला तरी ही गोष्ट मला खटकते.

सहावा दिवस : सीडर हिल

वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया भागात टेकडीवर सीडर हिल आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, दोनदा थांबले. वर ओसरीवरून संसदेचा घुमट दिसतो. खाली वसवलेल्या वस्तीत कृष्णवर्णीयांना जागा विकायची नाही असा नियम करणाऱ्या बिल्डरचेच हे घर होते, आणि ते १८७७ मध्ये डग्लस यांनी ६,७०० डॉलरला घेतले. त्या वर्षी ते राजधानीचे मार्शल झाले. मधली चाळीस वर्षे येथे सांगून संपणार नाहीत: नँटकेटचे गुलामगिरीविरोधी भाषण, १८४६ मध्ये इंग्रज मित्रांनी १५० पौंड भरून मालकाकडून मिळवलेला मुक्ततेचा कागद, रॉचेस्टरहून १८४७ पासून चालवलेले ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र, सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत घेतलेली स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू, यादवी युद्धात सैनिक म्हणून गेलेली दोन मुले, लिंकन यांच्या भेटी.

घरात मूळचे बरेच सामान आहे. अभ्यासिकेत भिंतभर पुस्तके आणि घडीच्या झाकणाचे मेज. संगीताच्या खोलीत व्हायोलिन. लिंकन यांच्या पत्नीने दिलेली काठी. निजायच्या खोलीत व्यायामाचे डंबेल. ॲनाची खोलीही आहे. १८८२ मध्ये ती याच घरात गेली. मागच्या अंगणात एकच खोलीची छोटी दगडी झोपडी पुन्हा बांधून ठेवली आहे. एवढे मोठे घर असूनही लिहायला आणि विचार करायला ते त्या झोपडीत जात. टकाहोच्या झोपडीचे काही उरले नाही, हे पहिल्या दिवशी पाहिले होते. इथे दारातून आत डोकावताना ते आठवले.

पुण्याला १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना ती अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्ततेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. ही अर्पणपत्रिका मी वर्गात किती वेळा वाचून दाखवली असेन. ती वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी गोरे उदार लोक येत. स्वतःच्या पायांनी चालून मोकळी झालेली आणि मग इतरांना मोकळे करणारी माणसे त्या ‘सत्पुरुषां’त असायलाच हवीत, हे मला आज या ओसरीवर उभे राहून वाटले आणि मी लेकीला तसे सांगितले. ती म्हणाली, “आणि ॲनासुद्धा.”

घर दाखवणाऱ्या रेंजर बाईंनी शेवटी समोरच्या दालनात थांबवले. १८९४ मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी, डग्लस ऑल्ड घराण्यातल्या एका डॉक्टरांना भेटायला बाल्टिमोरला गेले होते, आपल्या जन्माविषयी काही माहिती मिळेल का हे विचारायला. पुढच्या वर्षी २० फेब्रुवारीला ते स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेहून घरी आले, संध्याकाळी शेजारच्या चर्चमध्ये त्यांचे भाषण होते आणि गाडी यायची होती. याच दालनात दुसऱ्या पत्नी हेलन यांना परिषदेत काय काय झाले ते ते सांगत होते, आणि सांगता सांगता खाली कोसळले. आम्ही उभ्या होतो ती जागा जिन्यापासून फार दूर नव्हती. लेकीने माझा हात धरला आणि पुढच्या गटाला आत येता यावे म्हणून आम्ही बाजूच्या दाराने बाहेर पडलो.